सात सीटचं भांडण

आप्पा, गाड्यांच्या शोरूममधून फोन आला होता. तुमचं उत्तरकार्य आदल्याच दिवशी उरकलं होतं, घरात पावण्यांची अंथरुणं अजून तशीच पडली होती, आणि ती शिंदे मॅडम विचारत होती, "ताई, मग काय ठरलं तुमचं? पाच सीटची का सात सीटची? आप्पा काय म्हणत्यात?"

मी "नंतर करते फोन," म्हटलं आणि ठेवून दिला. तुम्ही गेलात हे मी सगळ्यांना कळवलं होतं. भाऊबंदांना, शिरोलीच्या फौंड्रीतल्या तुमच्या जोडीदारांना, अगदी दूधवाल्यालासुद्धा. ह्या बाईला कळवायचं तेवढं राहून गेलं. तिच्या लेखी तुम्ही अजून कसबा बावड्यातल्या घरात बसून माझ्याशी वाद घालत होता. खरं सांगू का? मला ते बरं वाटलं. कुणाला तरी अजून वाटत होतं की आपलं भांडण मिटायचंय.

आणि भांडण तुम्हीच काढलं होतं, हे विसरू नका. मी आणि सचिन आपले एका स्कूटरवर सुखात होतो. शाळा सुटली की मी दोन्ही पोरांना घेऊन तुमच्याकडं चहाला यायचे. शिवू पुढं उभा, अन्वी मागं मला धरून. सगळं कोल्हापूर तसंच फिरतं. त्या दिवशी तुम्ही दारात उभे होता आणि अन्वी मागच्या मागं पेंगत होती, मान एका बाजूला गेलेली, हात सुटलेले. मला पत्ताच नव्हता. तुम्ही झटकन पुढं आलात, तिला उचललंत आणि भर गल्लीत माझ्यावर ओरडलात, "तुला डोळं हायत का भोकं? पोरगी पडली असती म्हंजे? आधी चारचाकी घे, मग माझ्या दारात ये!"

समोरच्या कांबळे काकू हातातलं सूप घेऊन बाहेर आल्या. मी शाळेत शेकडो पोरांना गप्प करणारी बाई, आणि माझा बाप मला रस्त्यात झापत होता. मला राग आला होता आप्पा, पण रात्रभर अन्वीची ती लोंबती मान डोळ्यांपुढून हलेना. सकाळी मी सचिनला म्हटलं, गाडी बघू या.

तुम्ही शोरूममध्ये येणार नाही म्हणाला होतात. "जावईबापूंची गाडी, त्यांनी बघावी. मी कोण? मी पावणं." ही तुमची जुनी टेप. लेकीच्या घरी पावणं म्हणून जायचं, चहा प्यायचा, उन्हं उतरायच्या आत घरी. आई गेल्यावर मी किती मागं लागले, चला माझ्याकडं राहायला. "लेकीच्या दारात बाप पडून ऱ्हातोय व्हय?" म्हणून तुम्ही विषय मिटवलात. आमच्याकडं सणाला जेवायला आलात तरी सगळी पंगत खाली आणि तुम्ही एकटे खुर्चीवर. "पावण्याला खुर्ची द्यायची असती," म्हणायचात, आणि सचिन बिचारा पळत जाऊन खुर्ची आणायचा.

पण आलात शेवटी. नातवंडांची गाडी म्हटल्यावर तुम्हाला घरी कुठलं बसवतंय! आणि येऊन काय केलंत, तर प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर बोटानं ठकठक. फौंड्रीत सगळा जन्म वाळूचे साचे भरण्यात गेला तुमचा. ओतलेला नग गार झाला की हातोडीनं टोला द्यायचा, कान लावायचा. आवाज खणखणीत आला तर माल चांगला, बद्द आला तर आत तडा. आता ती रीत तुम्ही नव्या कोऱ्या गाड्यांना लावत होता. मान तिरकी, डोळे मिटलेले. "बद्द वाजतीय."

"आप्पा, पत्रा हाय त्यो," शिंदे मॅडम हसू दाबत म्हणाली.

"पत्रा हाय ते कळतंय की मला. पण बद्द वाजतीय."

लाल गाडी बद्द, पांढरी बद्द, सगळ्यात महागडी तर लईच बद्द. सचिन फोन आल्यासारखं करून बाहेर गेला आणि पोट धरून हसला. अख्ख्या शोरूममध्ये तुम्हाला पसंत पडला तो फक्त दारातला लोखंडी खांब. मी लाजेनं अर्धी झाले होते तेव्हा. आता वाटतं, अजून पाचपन्नास गाड्या वाजवायला पाहिजे होत्या तुम्ही, मी दिवसभर उभी राहिले असते.

मग चक्कर मारायला गाडी काढली, जोतिबाच्या रस्त्याला. घाटात कळतंय गाडी काय लायकीची हाय, असं तुमचंच म्हणणं. मी चालवत होते, शिंदे मॅडम शेजारी, मागं सचिन, अन्वी आणि मांडीवर शिवूला घेऊन तुम्ही. चढाला लागलो आणि शिवूला गाडी लागली. कुणाला काही समजायच्या आत तुम्ही डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्याच्या तोंडाखाली धरलीत. शोरूमच्या सीटवर एक थेंब पडला नाही! शिंदे मॅडमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुम्ही टोपी दोन्ही हातांत सांभाळत शांतपणे म्हणालात, "गाडी चांगली हाय. पोराला लागती, त्यात गाडीची काय चूक?"

वर पोचल्यावर आम्ही सगळे पायऱ्यांनी देवळात गेलो. तुम्ही मात्र गाडीपाशीच थांबलात. "हितनं कळस दिसतोय. कळसाला हात जोडले की पोचतंय," म्हणालात. मला वाटलं, टोपी धुवायची असेल.

आणि उतरताना ते झालं. वळणावर म्हैस आडवी आली, मी करकचून ब्रेक दाबला. शिवू तुमच्या मांडीवरनं सुटला आणि पुढच्या सीटवर आपटला. फार लागलं नाही, कपाळाला टेंगूळ आलं, रडला, बिस्किट दिल्यावर गप्प झाला. पण तुम्ही त्याचं कपाळ चोळत बसला होता. मी आरशातून बघत होते. "मी धरलंता की गं त्याला," एवढंच तुम्ही परत परत म्हणत होता. "घट धरलंता की."

त्याच्याआधी आठवडाभर आपण पोरांच्या सीटवरनं भांडत होतो. लहान पोरांसाठी वेगळी, पट्ट्याची सीट मिळते ती घ्यायची असं मी म्हणत होते आणि तुम्ही फोनवर खेकसत होता, "पोरं काय गॅसची टाकी हाय व्हय, बांधून न्यायला? मांडी कशाला दिलीय देवानं?" त्या संध्याकाळी तुमचा फोन आला. आवाज पार बसलेला. "ती पट्ट्याची खुर्ची का काय ती, दोघांनाबी घे." आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत, आणि मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

पुढच्या खेपेला शिंदे मॅडमनं पोरांच्या त्या दोन सीटा आणून पाच सीटच्या गाडीत मागं बसवून दाखवल्या. मधे राहिली वीतभर जागा. तिथं दप्तर राहील, माणूस राहणार नाही. तुम्ही दारातून वाकून बघितलंत आणि खूश होऊन म्हणालात, "झालं की. चौघांची गाडी, चौघं बसा."

"आणि तुम्ही?"

"माझी स्कूटर हाय की!"

मी म्हटलं, मग सात सीटची घेऊ. मधल्या ओळीत पोरं, मागच्या ओळीत तुम्ही ऐसपैस. तुम्ही असं काही बघितलंत माझ्याकडं, जणू मी काहीतरी वाह्यात बोलले. "जावयाच्या गाडीत सासऱ्याची खुर्ची? लोकं शेण घालतील तोंडात."

आता आप्पा, जरा विचार करा. गाडी माझ्या पगारावर, माझ्या नावावर, चालवणार मी. जावई शेजारी बसून शेंगा खाणार. ह्यात जावयाची गाडी कुठून आली? आणि मला गाडी शिकवली कुणी? तुम्हीच ना? स्वतःला चारचाकी येत नव्हती, पण मी कॉलेजात असताना मला ड्रायव्हिंग क्लासला घातलंत. सगळी भावकी हसत होती, पोरगीला टेम्पो चालवायला लावणार काय म्हणून. तुम्ही रोज क्लासच्या गाडीत मागं येऊन बसायचात. मास्तर वैतागायचे. मी गिअर टाकला की मागनं तुमचं सुरू, "हळू की गं! हळू!" त्या माणसाच्या खटाऱ्यात मागं बसायला तुम्हाला कमीपणा वाटला नाही, आणि लेकीच्या गाडीत वाटत होता. मी हे सगळं तुम्हाला ऐकवलं. तुम्ही म्हणालात, "ते येगळं." का वेगळं, ते सांगितलं नाहीत.

मीही मग हट्टाला पेटले. आई म्हणायची ना, बाप-लेक एकाच साच्यातनं काढल्यात. मी सांगून टाकलं, तुम्ही हो म्हणेपर्यंत गाडी घेणार नाही. मला वाटलं पोरांच्या काळजीनं तरी नमतं घ्याल. पोरं स्कूटरवरच फिरत राहिली आणि आपण दोघं फोनवर तोंडं वाजवत राहिलो. मधे काही दिवस तुम्ही जरा मऊ आला होता. "बघू," म्हणाला होतात. तुमच्या तोंडून बघू म्हणजे हो, हे मला लहानपणापासून माहीत. मी सचिनला म्हटलंसुद्धा, आले लाईनीवर. आणि मग एकदम काय झालं कुणास ठाऊक, पहिल्यापेक्षा ताठ झालात. सात सीटचं नाव काढलं की फोन ठेवून द्यायचात.

शेवटचा फोन तसाच झाला. "पोरास्नी काय झालं तर तुला सोडणार न्हाय मी. छोटी गाडी घे आणि मोकळी हो. लई हट्टी हायस तू."

"तुमचीच पोरगी हाय," मी म्हटलं.

"ठेव फोन."

ठेवला. नंतर एकदा वाटलं होतं, आपण होऊन करावा. पण मीच का करू, म्हणून केला नाही.

दोन दिवसांनी सकाळी कांबळे काकूंचा फोन आला. "आप्पा दार उघडीनात गं." पोरांना शेजारी सोडून मी आणि सचिन स्कूटरवरनं निघालो. मी मागं बसले होते. कसबा बावड्याला जायचा रस्ता मला पाठ, पण त्या दिवशी तो संपता संपत नव्हता. सचिनला म्हटलं, जोरात चालव की रे, आणि तो म्हणाला, जोरातच चालवतोय. दार तोडावं लागलं. तुम्ही कुशीवर झोपला होता, पांघरूण गळ्यापर्यंत. मी हाका मारल्या. कांबळे काकूंनी मला धरलं तरी मी हाका मारत होते. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात की काय, देव जाणे. मी मान हलवली. दुसरं मी काय करणार होते?

लोक आले, तुम्हाला उचललं, नेलं. मी कुणाला अडवू शकले नाही. पावणे म्हणाले, भाग्यवान माणूस, कुणाची सेवा घेतली नाही. मला त्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटलं की सेवा घ्यायला पाहिजे होती हो त्यांनी, मी कशासाठी होते मग? पण भाकरी-आमटी वाढत राहिले.

आणि मग तो शोरूमचा फोन. मी परत केला नाही. चार दिवस गेल्यावर सचिननंच विषय काढला, हळू आवाजात. "पोरं अजून स्कूटरवरच हायत. आप्पांना आवडलं नसतं. चल, ठरवून टाकू." मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायलाही काही कारण उरलं नव्हतं. पोरांना घेऊन गेलो.

शिंदे मॅडम हसत पुढं आली, माझ्या मागं बघितलं आणि म्हणाली, "आप्पा न्हाई आले?" सचिननं सांगितलं. ती मटकन खुर्चीवर बसली. डोळ्यांना रुमाल लावला. मला नवल वाटलं. दोन-तीनदा भेटलेलं माणूस, तिला एवढं का वाटावं? मग ती म्हणाली, "ताई, एक गोष्ट सांगू का? त्यांनी सांगू नको म्हटलंतं."

आप्पा, तुम्ही एकटे तिथं गेला होतात. मला "बघू" म्हणालात, त्याच दिवसांत. भर दुपारी, आपल्या जुन्या स्कूटरवरनं. तिला म्हणालात, "बाळ, ती मोठी गाडी दाव. मागं कसं बसायचं असतंय तेवढं दाव." तिनं मधली सीट दुमडून वाट करून दिली. मागच्या ओळीत जायचं म्हणजे वाकायचं, पाय उचलून आत टाकायचा, गुडघ्यावर भार द्यायचा. एक पाय आत गेला. दुसरा वाकला नाही. तुम्ही तसेच अडकून राहिलात, ना आत ना बाहेर. तिनं आणि वॉचमननं दोन्ही बाजूंनी धरून तुम्हाला बाहेर काढलं. घामानं सदरा भिजला होता, ती म्हणाली. तिनं पाणी दिलं.

"गुडघा गेलाय बाळ," तुम्ही तिला सांगितलंत. "वाळूत उकिडवं बसून बसून कामातनं गेलाय. जिना चढता येत न्हाय, खाली बसता येत न्हाय."

ती म्हणाली, "आप्पा, ताईंना सांगा की."

"न्हाय न्हाय. तिला बोलू नगंस. तिला कळलं की ती आधी माझ्या गुडघ्याच्या मागं लागंल आणि गाडी ऱ्हाईल तशीच. नातवंडं स्कूटरवर फिरत्यात. गाडी होऊ दे एकदा, मग सांगतो मी."

मी तिथं त्या चकचकीत फरशीवर उभी होते आणि मला एकेक दिसायला लागलं. पंगतीत खुर्ची मागत होता ते पावणं म्हणून नव्हे. जोतिबाला गाडीपाशी थांबलात ते टोपी धुवायला नव्हे. आणि माझ्याकडं राहायला का येत नव्हता? आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आप्पा. तुम्ही चहाला यायचात तेव्हा जिना चढून वर येईपर्यंत किती वेळ लागायचा, आणि दारात आलात की म्हणायचात, खाली वॉचमनशी बोलत होतो. मी विश्वास ठेवायचे.

मला आधी तुमचा राग आला. मग तिचा आला. दुसऱ्याच्या लेकीला सांगितलंत. जिला तुमची जन्मतारीख माहीत नाही, तुम्हाला चहात साखर किती लागते माहीत नाही, तिला बाळ म्हणून सांगितलंत, आणि माझ्याशी रीतभात, लोक काय म्हणतील, जावयाची गाडी. मी महिनाभर कुणाशी भांडत होते? तुम्ही पुढं केलेल्या एका खोट्या कारणाशी. आणि तुम्ही तर हो म्हणायलाच निघाला होता. तुम्हाला आमच्याबरोबर यायचं होतं.

हे सगळं चाललं असताना अन्वी कंटाळली होती. समोर सात सीटची गाडी दार उघडी ठेवून उभी होती. पोरगी सुर्रकन आत शिरली, दुमडलेल्या सीटमागनं मागच्या ओळीत गेली, मांडी घालून बसली आणि ओरडली, "आई, मी इथंच बसणार! इथं लई भारी हाय!" सचिननं दुमडलेली सीट सरळ केली. मधल्या ओळीत शिवूची जागा, आणि त्याच्या शेजारी ती दुसरी, उंच, दारातून नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. खुर्चीवर बसतो तसं. आम्ही तिघंही त्या रिकाम्या सीटकडं बघत राहिलो. एवढं सोपं होतं. पोरीला मागं घालायचं होतं फक्त, आणि तुम्हाला मधे. मला सुचलं नाही, सचिनला सुचलं नाही, रोज गाड्या विकणाऱ्या बाईला सुचलं नाही. आणि आम्हाला तर तुम्ही खरं कारणच कळू दिलं नव्हतं.

"ताई, मग कुठली करायची?" शिंदे मॅडमनं विचारलं.

सचिन म्हणाला, "तू म्हणशील ती. मोठी पायजे असली तरी घेऊ." तो मनापासून म्हणत होता. पण मोठी घेऊन मी काय करू आप्पा? रोज आरशात ती रिकामी सीट बघत शाळेत जाऊ? मी म्हटलं, पाच सीटची. अन्वीनं भोकाड पसरलं, तिला मागनं ओढून काढावं लागलं. मी सह्या केल्या. शिंदे मॅडमनं सवयीनं हात पुढं केला, "अभिनंदन ताई," आणि लगेच ओठ चावला.

तर पाच सीटची घेतलीय, तुम्ही म्हणत होता तीच. पुढच्या आठवड्यात घरी येईल. पोरं पट्ट्यात बसतील, त्यांची काळजी करू नका.

पण आप्पा, तुम्ही हिशोब चुकीचा केलात. गुडघा नाहीतर गाडी, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत, मला न विचारता. "पोरी, पाय वाकत न्हाय," एवढं बोलायचं होतं. मी भांडले असते, तुम्हाला ओढत डॉक्टरकडं नेलं असतं, रडले असते, आणि गाडीही घेतली असती. दोन्ही केलं असतं हो. तुमच्या लेकीला दोन्ही जमलं असतं.